देवाच्या वाटेवरची विरळ हवा

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आम्ही मुंबईच्या खारदांड्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. खार स्टेशनला उतरून पश्चिमेला सरळ चालत राहिलं, की शेवटी समुद्र लागतो. तिथे आमचा कोळीवाडा. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात ना, ती समुद्रसपाटी आमच्या दारात आहे. म्हणजे उंचीच्या हिशेबात आम्ही शून्यावर राहणाऱ्या बाया, आणि आज बोलणार आहोत हिमालयाच्या उंचीवर माणसाच्या अंगाचं काय होतं त्याविषयी. हसू आलं तर हसा, पण ऐका. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या चौदाजणी केदारनाथला गेलो होतो आणि चौदातली एक तिथेच राहायची, ती थोडक्यात परत आली.

तुमच्याही गावातून यात्रेच्या गाड्या जातात. चारधाम, अमरनाथ, आता लेह-लडाख सुद्धा. गट पैसे साठवतो, म्हाताऱ्या सासवांना पुढच्या सीटवर बसवतो आणि निघतो. निघताना सगळं बघतो. स्वेटर, चिवडा, औषधाची पिशवी, कोण कोणाशेजारी झोपणार ते. फक्त हवेचा विचार कोणी करत नाही. आम्हीही केला नव्हता.

आमच्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद होते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, वलांडीवरचे बोंबील आधीच उतरवून भरून ठेवलेले असतात. वर्षात तेवढेच दिवस आम्हांला मोकळे. म्हणून जूनचा पहिला आठवडा धरला. नेणाऱ्याने कार्यक्रम दिला, त्यात सगळं घाईघाईत बसवलेलं. हरिद्वारला रात्र, तिथून दिवसभर बस, आणि दुसऱ्या दिवशी केदारनाथ. चौदापैकी पाचजणींचे गुडघे दुखणारे, म्हणून त्यांनी फाट्याहून हेलिकॉप्टर घेतलं. बाकी नऊजणी गौरीकुंडाहून पायी निघालो आणि वाटेत एक रात्र थांबलो.

आता इथे एक सांगायला हवं. आम्ही चढणाऱ्या बाया नाही असं मुळीच नाही. कार्ल्याची एकवीरा आई आमची. दर वर्षी जातो, पायऱ्या चढतो. पण कार्ला-लोणावळ्याचा भाग समुद्रापासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. तिथे जी धाप लागते ती पायऱ्यांची. कडेला बसलं, घोटभर पाणी प्यायलं, की दोन मिनिटांत उतरते. केदारनाथ ३५८० मीटरच्या वर आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी केदारनाथ वरच राहतो. तिथली धाप खाली बसलं तरी जात नाही. ती पायांची नसते, हवेची असते.

हवेची म्हणजे काय, ते आम्हांला परत आल्यावर आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. आम्हांला वाटायचं, वर प्राणवायूचा वाटा कमी असतो. तसं नाही. हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे सारखाच, शंभरात एकवीस. दांड्यात तोच, केदारनाथला तोच, एव्हरेस्टवरही तोच. मग कमी काय होतं? घरात गोधड्यांची चळत लावलेली असते बघा. सगळ्यात खालची गोधडी वरच्यांच्या वजनाने दबून घट्ट बसते, वरची फुगलेली राहते. हवेचंही तसंच. समुद्राकाठी आपण चळतीच्या तळाशी, म्हणून इथली हवा दाबलेली, दाट. जसजसं वर जावं तसतसा वरचा भार कमी, हवा विरळ. एका श्वासात छाती तेवढीच भरते, पण तिच्यात माल कमी.

बचत गटाच्या भाषेत सांगतो. दांड्यात एका श्वासाला एक रुपया मिळतो. त्यातले एकवीस पैसे प्राणवायू. लोणावळ्याला रुपयाचे त्र्याण्णव पैसे होतात, कळत सुद्धा नाही. केदारनाथला रुपयाचे पासष्ट पैसे. लेहला तेवढेच. एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम तेहतीस. वाटा एकवीस टक्केच, पण रुपयाच लहान झालेला. आणि घरखर्च तर तेवढाच आहे. मेंदूला, हृदयाला, पायांना रोज लागतं तेवढं लागतंच.

लडाखमध्ये एक घाट आहे, खारदुंग ला नावाचा. तिथल्या भाषेत 'ला' म्हणजे खिंड. आमची पोरं चेष्टेने म्हणतात, आमचं खारदांडा नि त्यांचं खारदुंगला, नातं असणार. नातं काही नाही. पण तो घाट ५३५९ मीटरवर आहे आणि तिथे रुपयाचे जवळपास पन्नासच पैसे उरतात. मोटारसायकलवाली पोरं तिथे पोहोचून फोटो काढतात. अर्ध्या तासात खाली उतरतात म्हणून निभावतं.

तर खर्च तेवढाच आणि मिळकत पासष्ट पैसे. अशा वेळी बाई काय करते? आधी धावपळ वाढवते. शरीरही तेच करतं. मानेत दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिनीपाशी तांदळाच्या दाण्याएवढे छोटे गोळे असतात, त्यांचं कामच रक्तातल्या प्राणवायूवर नजर ठेवण्याचं. तो कमी झाला की ते मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. नाडीही पळायला लागते. ही झाली पहिल्या तासाची गोष्ट. वर पोहोचल्या पोहोचल्या छाती धडधडली, तर ते आजारपण नाही. ते शरीराचं काम आहे.

पण श्वास वाढवण्यात एक अडचण येते. जोराने श्वास सोडला की अंगातला कर्बवायूही जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल बिघडतो, आणि मेंदू म्हणतो, बस, थांब. मग श्वास मंदावतो. मंदावला की प्राणवायू पुन्हा कमी, पुन्हा मानेतला पहारेकरी ओरडतो. दिवसा हे कळत नाही. रात्री झोपेत कळतं. आमच्यातली एक वहिनी रात्री उठून बसली, शेजारणीचा श्वास ऐकत. चार मोठे मोठे श्वास, मग एकदम काहीच नाही. पंधरा सेकंद, वीस सेकंद. वहिनीला वाटलं, गेली. तिने हलवून उठवलं तर शेजारीण चिडली. उंचीवर असा थांबून थांबून श्वास पुष्कळांचा होतो, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण झोपेची गोळी त्या वेळी फार वाईट, कारण ती श्वास आणखी दाबते. हे पुढे लक्षात ठेवा, आमच्या हातून काय झालं ते सांगतोच.

हा तोल सावरण्याचं काम मूत्रपिंडं करतात. रक्तातला जास्तीचा क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि मग श्वासाला मोकळीक मिळते. त्याला दोन-चार दिवस लागतात. म्हणून वर गेल्यावर लघवी जास्त होते. ती होणं चांगलं लक्षण. आणि इथेच आपण बाया घोटाळा करतो. वाटेत आडोसा नाही, संडासाला रांग, थंडीत चार कपडे सोडायचे. मग पाणीच पीत नाही. आमच्यातल्या निम्म्याजणींनी दिवसभरात अर्धी बाटली सुद्धा संपवली नव्हती. पुष्कळ पाणी प्यायलं की उंचीचा त्रास टळतो असं नाही, तो गैरसमज आहे. पण पाण्यावाचून डोकं दुखतं, चक्कर येते, आणि मग हे पाण्याचं की उंचीचं, कोणालाच कळत नाही.

सगळ्यात शेवटी रक्त बदलतं. प्राणवायू कमी आहे हे मूत्रपिंडांना काही तासांतच कळतं, ती एक संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या मगजात नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला लागतात. पैसे कमी मिळतात म्हणून गोळा करणारी माणसं वाढवली, असं समजा. पण पेशी एका रात्रीत होत नाहीत. आठवड्याने कुठे थोडी भर दिसते, पुरतं व्हायला काही आठवडे. चार दिवसांच्या यात्रेत हा फायदा आपल्याला मिळतच नाही. आणि पेशी करायला लोह लागतं. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊ आहे, तिच्याकडे गोळा करणारी माणसं मुळातच थोडी, आणि ती चाललीय पासष्ट पैशांच्या बाजारात. म्हणून यात्रेचं ठरलं की स्वेटरच्या आधी रक्त तपासा. बारा असायला हवं. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांना महिने द्यावे लागतात, आठ दिवसांत काही होत नाही. हे मार्चमध्ये केलं तर जूनला उपयोग.

आता आमची गोष्ट.

हेलिकॉप्टरने गेलेल्या पाचजणींत आमची एक मावशी होती. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. गुडघे सोडले तर ती गटातली सगळ्यात दणकट बाई. तीस वर्षं पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलतेय. डोक्यावर पाटी घेऊन तिच्याबरोबर चालताना आम्हांला पळावं लागतं. फाट्याहून दहा-पंधरा मिनिटांत ती वर. हेलिकॉप्टरचं सुख असं, की पाय दुखत नाहीत. पण डोंगर पायी चढताना अंगाला जो वेळ मिळतो तोच त्यात वाचवलेला असतो.

दुपारी पोहोचल्या तेव्हा पाचहीजणी खूश. संध्याकाळी मावशीचं डोकं धरलं. जेवण नको म्हणाली. रात्री दोनदा उलटी. विचारलं तर म्हणाली, "काय नाय गो, पित्त उठलंय. बसचं तेलकट खाल्लं ना." आम्हांलाही ते पटलं. पित्ताची गोळी दिली. झोप येईना म्हणून एकीने आपली झोपेची अर्धी गोळी दिली. ही आमची चूक, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलायची नाही.

दुसरा दिवस ती पांघरुणात. त्या दिवशी दुपारी आम्ही नऊजणी पायी वर पोहोचलो. आमचीही डोकी दुखत होती, पण चहा-बिस्किट जात होतं. ठरलेलं होतं, तिसऱ्या दिवशी पहाटे चौदाजणींनी एकत्र दर्शन घ्यायचं. मावशी म्हणाली, मी येणार. तिला कोरडा खोकला लागला होता. आम्ही म्हटलं, थंडी.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो. मावशी उठली आणि दाराकडे निघाली ती भिंतीवर आदळली. पुन्हा सरळ झाली, पुन्हा डावीकडे झुकली. दारू प्यालेला माणूस चालतो तशी. दारू म्हणजे तिने आयुष्यात शिवलेली नाही. चप्पल उलटी घातली आणि ती उलटी आहे हे तिला कळेना. एकीने कोविडमध्ये घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र आणलं होतं. आमच्या सगळ्यांचं शहाऐंशी ते नव्वदच्या मध्ये. खाली असतं तर घाबरलो असतो, पण तिथे नव्याने गेलेल्या माणसाचं एवढं चालतं. मावशीचं अडुसष्ट.

तरी आमच्यात भांडण झालं. खरं सांगतो, मोठं भांडण. अर्ध्याजणींचं म्हणणं, रांग दोन तासांची आहे, धरून नेऊ, दर्शन होऊ दे, मग खाली नेऊ. देवाच्या दारात येऊन काय होणार आहे? वर्षभर दर महिन्याला पैसे बाजूला टाकून ती आली आहे. मावशी स्वतः रडायला लागली, "देवाच्या दारातनं परत कशी जाऊ?" बाकीच्या म्हणत होतो, आधी डॉक्टर. त्या भांडणात अर्धा तास गेला. शेवटी दोघीजणींनी तिला उचलून तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला एका रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. दोन पावलं टाकता आली नाहीत. त्यांनी छातीला नळी लावली, प्राणवायू सुरू केला, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आत्ता खाली. दर्शन नाही, चहा नाही, आत्ता. मेंदूला सूज आली आहे आणि फुप्फुसांत पाणी भरायला लागलं आहे.

धुकं होतं, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. डंडी केली. चार माणसं खांद्यावर खुर्ची घेऊन निघाली, आमच्यातल्या दोघी प्राणवायूची नळकांडी सांभाळत मागून. पहिला तास ती काही बोलेना. मग बडबडायला लागली, धक्क्यावरच्या लिलावातले आकडे म्हणत होती. भीमबली मागे पडली तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, माझी पिशवी कोणाकडे आहे? गौरीकुंडाला पोहोचेपर्यंत ती चहा मागत होती. त्याच दिवसाची ही गोष्ट. फक्त उतरल्याने एवढा फरक. खाली रुग्णालयात तीन दिवस ठेवलं आणि मग गाडीने घरी.

डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं की उंचीच्या त्रासाचे तीन प्रकार. पहिला साधा, पुष्कळांना होतो. डोकेदुखी, मळमळ, जेवण नको, अंगात त्राण नाही. तेवढं असेल तर आणखी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. दुसरा फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप, खोकला, मग फेसाळ गुलाबी थुंकी, ओठ निळे. हा बहुतेक दुसऱ्या रात्री डोकं वर काढतो. तिसरा मेंदूची सूज. चाल बिघडते, बोलणं बरळल्यासारखं होतं, मग बेशुद्धी. दुसऱ्या आणि तिसऱ्यात माणूस काही तासांत जाऊ शकतो. औषध एकच खात्रीचं, खाली उतरणं. बाकी सगळं खाली पोहोचेपर्यंत तग धरण्यासाठी.

आम्ही विचारलं, मग एवढी दणकट बाई आणि तिलाच कसं? उत्तर असं, की उंची ताकद बघत नाही. पैलवानाला होतं, सैनिकाला होतं. उलट दणकट माणूस लवकर वर पोहोचतो, आणि दुखलं तर दाबून ठेवतो, म्हणून जास्त फसतो. हे आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी मैदानातल्या जवानांना एकदम उंचावर न्यावं लागलं आणि त्यात कितीतरी जण या विकाराने पडले. नंतर लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा ते अठरा हजार फुटांवरच्या १९२५ जवानांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आली आणि आजही जगभर तिचा दाखला देतात. आज लष्करात नऊ हजार फुटांच्या वर नेलेल्या जवानाला सहा दिवस मुरवतात. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग थोडं चालणं, मग चढ. बारा हजारांवर आणखी चार दिवस, पंधरा हजारांवर पुन्हा चार. केदारनाथ पावणेबारा हजार फुटांवर आहे. विशीतल्या कसलेल्या जवानाला जे सहा दिवस देतात, ते आमच्या पंचावन्न वर्षांच्या मावशीला दिले होते पंधरा मिनिटं.

आणि वेळ दिला तर काय होऊ शकतं, तेही आपल्याच मातीत आहे. २००९ मध्ये पुण्याची कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आदिवासी विकास विभागाचा 'मिशन शौर्य' नावाचा उपक्रम होता तो. चंद्रपूर म्हणजे उन्हाळ्यात भट्टी, आणि समुद्रापासून दोनशे मीटरच्या आसपास. या मुलांचं अंग काही जन्माने डोंगरी नव्हतं. गिर्यारोहक करतात काय, तर दिवसा वर चढतात आणि झोपायला खाली येतात, पुन्हा थोडं वर, पुन्हा खाली. आठवडेच्या आठवडे. मग श्वास, लघवी, रक्त सगळं आपापल्या वेळेने जुळतं. तरी शेवटच्या टप्प्यात बहुतेकजण पाठीवर प्राणवायूची नळकांडी घेतातच. आठ हजार मीटरच्या वर शरीर जुळवून घेत नाही, दर तासाला झिजतच जातं.

तिबेट आणि लडाखमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं मात्र वेगळं. आम्हांला वाटलं त्यांच्या अंगात रक्त जास्त असेल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातल्या लोकांचं तसं असतं, आणि कधी कधी ते इतकं दाट होतं की त्यानेच आजारी पडतात. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन फार वाढतच नाही. ते श्वास जास्त घेतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतून रक्त जास्त वाहतं. एक जनुक त्याला कारण आहे, आणि ते हजारो वर्षांपूर्वीच्या एका वेगळ्याच मानवजातीकडून त्यांच्याकडे आलेलं आहे. आम्हांला सगळ्यात भावलं ते बाळंतपणाचं. उंचावर बाळं वजनाने लहान होतात, दर हजार मीटरला साधारण शंभर ग्रॅम कमी. पण तिबेटी आईच्या गर्भाशयाला रक्त जास्त पोहोचतं, म्हणून तिचं बाळ चांगल्या वजनाचं. आपल्यासारखीने गरोदरपणी अशा यात्रेला जाऊच नये. अमरनाथला तर सहा आठवड्यांच्या वरच्या गरोदर बाईला परवानगीच नाही, आणि तब्येतीचा दाखला सगळ्यांना सक्तीचा आहे. तो दाखला ओळखीच्या डॉक्टरकडून नुसती सही करून घेऊ नका. रक्तदाब, साखर, हृदय खरंच तपासून घ्या.

काही बारीक गोष्टी राहिल्या. कापराची पुडी सगळ्याजणी नेतात, हुंगली की श्वास मोकळा होतो म्हणून. नाकाला गार वाटतं एवढंच, प्राणवायू वाढत नाही. आणि लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर विष आहे. फवाऱ्याचे छोटे डबे विकतात, ते काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर थांबू नका. उंचीसाठी एक गोळी असते, चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच, कारण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना चालत नाही. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. हे बोलायला कोणी तयार नसतं, पण आमच्या चौदाजणींत चौघी घेत होत्या. काही बायांच्या रक्तात त्याने गुठळी होण्याचा धोका वाढतो, वर पाणी कमी प्यायलेलं आणि तासन्‌तास गाडीत बसलेलं. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. वर डाळ शिजली नाही तर स्वयंपाक्याला बोलू नका, तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळतं, प्रेशर कुकरशिवाय डाळ-तांदूळ दाताखाली लागणारच.

मावशी परत आल्यावर महिनाभर आमच्याशी बोलत नव्हती. दर्शन चुकलं ते आमच्यामुळे, असं तिचं म्हणणं. अजूनही तसंच म्हणते, फक्त आता हसून म्हणते. खरं तर आम्हांलाही त्या अर्ध्या तासाच्या भांडणाची लाज वाटते, पण तिच्यापेक्षा उलट्या कारणाने. आणि तिने पहिल्या संध्याकाळी 'पित्त' म्हणण्याऐवजी 'माझं डोकं फुटतंय' म्हटलं असतं तर, हा विचार येतोच. पण आपल्याला कुठे सवय आहे? घरात ताप असला तरी भाकरी थापून मग सांगतो. आम्ही आता गटात ठरवलंय, यात्रेत रोज संध्याकाळी प्रत्येकीने दुसरीला विचारायचं. डोकं? उलटी? जेवलीस का? लघवीला गेलीस का? आणि रेघेवर चालून दाखव. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, जोडीदारणीने सांगायचं.

येत्या जूनमध्ये पुन्हा जातोय. नेणारा दुसरा शोधला. पहिल्याच फोनवर त्याला विचारलं, गुप्तकाशीला दोन रात्री थांबवणार का, वर जाताना वाटेत मुक्काम आहे का, एखादी आजारी पडली तर तिच्याबरोबर उतरायला तुमचा माणूस असेल का, आणि दर्शन न घेता परत फिरली तर तिचे पैसे कापणार का. तीन दिवस जास्त लागतात, माणशी खर्चही वाढतो. दोघीजणी त्या खर्चामुळे गळल्या, त्यांच्यासाठी गटातून बिनव्याजी उचल द्यायची का यावर अजून बोलणं चालू आहे. मावशीने नाव पहिल्यांदा घातलं. डॉक्टरबाईंनी तिला सांगितलंय की एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतं, तिने हळूहळू जायचं, औषध घेऊन जायचं, आणि चाल बिघडली तर पुन्हा तसंच उतरायचं. हिमोग्लोबिन तेव्हा साडेनऊ निघालं होतं. आता अकराच्या वर आलंय. मंगळवारी परत तपासणार आहे.